धुमाळीत सापडलेली जळू

माणसाला शत्रू असावा. त्याशिवाय निवृत्तीनंतरचे दिवस जात नाहीत. कुणाचा भाऊबंद शत्रू असतो, कुणाचा वरच्या मजल्यावरचा भाडेकरू. टपाल खात्यातून निवृत्त झालेल्या बाळासो इंगवल्यांची शत्रू मात्र एक जळू होती. बरं, ती जळू पाण्यातली तरी असावी. तीही नाही. ती टीव्हीतली होती.

बाळासोंचं आयुष्य तसं सरळ. सकाळी पूजा, दुपारी डुलकी आणि संध्याकाळी सासने गल्लीच्या विठ्ठल मंदिरात कीर्तन. कीर्तन म्हणजे बाळासोंचा जीव की प्राण. बुवांनी अंगरखा चढवून उपरणं सावरलं, हाती चिपळ्या घेतल्या आणि पहिला आलाप लावला की बाळासोंच्या डोळ्यांच्या कडा ओल्या होत. पूर्वरंगात बुवा निरूपण करत तेव्हा ते मान डोलवत, आणि उत्तररंगात आख्यान सुरू झालं की लहान मुलासारखा आ वासून ऐकत. तेच आख्यान, तेच बुवा आणि तोच विनोद असला तरी बाळासो त्याच जागी हसत. फळ्यावर विषय लिहिणं, सतरंज्या अंथरणं, मध्यंतरात बुवांना हार घालून सगळ्या श्रोत्यांच्या कपाळी बुक्का लावणं, ही सगळी सेवा त्यांची. उरलेल्या वेळात उजवीकडच्या खांबाला टेकून तबलजीशेजारी झांज धरायची. बाळासोंची झांज कधी मात्रा चुकली नाही, असं खुद्द बुवा म्हणत. हे वाक्य बाळासोंनी घरात इतक्या वेळा सांगितलं होतं, की त्यांच्या पत्नी तानाबाई ते ऐकू आलं की मिक्सर लावत.

दोन हजार एक साली आश्विन अधिक आला. अधिक महिन्यात सासने गल्लीत महिनाभर कीर्तन असतं, ते बाळासोंच्या वडिलांपासून. त्यात कधी खंड नाही. त्या वर्षीही कोडोलीचे दत्तोबुवा आले, मंदिरामागच्या खोलीत उतरले. सगळं यथासांग सुरू झालं असतं, पण त्याच सुमारास मंदिराच्या बरोबर समोर प्रसेनजीत कांबळ्यानं दुकान उघडलं.

प्रसेनजीत पलीकडच्या गल्लीतला. बी.कॉम. झालेला, गोड बोलणारा मुलगा. नोकरीचे अर्ज पाठवून पाठवून कंटाळला आणि शेवटी धाकट्या बहिणीच्या नावानं त्यानं ‘क्रांती व्हिडिओ गेम’ काढलं. एक मोठा टीव्ही, त्याला जोडलेली गेमची पेटी, पोरं ज्याला रिमोट म्हणायची ती बटणांची वस्तू आणि समोर दोन बाकं. उद्घाटनाच्याच दिवशी टीव्हीतून असा काही धडधडाट सुरू झाला की मंदिरातल्या समया थरथरल्या. बाळासो उपरणं सावरत समोर गेले.

“प्रसेनजीत, देवाच्या दारात हे बरं न्हवं.”

“काका, तुमचा शब्द,” म्हणत प्रसेनजीतनं तिथल्या तिथं टीव्हीचा आवाज बंद केला, आणि तो कायमचा बंदच ठेवला. बाळासोंना वाटलं, जिंकलो. आपल्या एका शब्दाला अजून किंमत आहे, हे त्यांनी त्या रात्री जेवताना तानाबाईंना सांगितलं. तानाबाईंनी आमटी वाढली.

पण आवाज बंद झाला म्हणून जळू थांबली नाही.

तो खेळ असा, की एक पाणबुड्या बुडालेल्या नगरात शिरतो. मासे मारतो, खजिने गोळा करतो आणि एका दगडी वेशीपाशी येतो. तिथं काळ्या पाण्यातून म्हशीएवढी जळू येते आणि त्याच्या पाठीला चिकटते. मग तो कितीही तडफडला तरी ती सुटत नाही. पडद्यावरची लाल रेघ बारीक होत जाते आणि पाणबुड्या मरतो. वेशीच्या आत काय आहे ते आख्ख्या कोल्हापुरात कुणी पाहिलेलं नव्हतं. कॉलेजात जाणारा अतुल, म्हणजे कीर्तनाला रोज येणाऱ्या आक्कांचा नातू, हा गल्लीतला सर्वांत पटाईत खेळाडू. त्यालाही जळूनं इतक्या वेळा मारलं होतं, की तो आता जळूला ‘मावशी’ म्हणायचा.

पोरं तिथं गेली, याचं बाळासोंना दुःख नव्हतं. पोरं कीर्तनाला यायचीच कुठं. पण नातवाला घरी न्यायला म्हणून आजोबा दुकानात शिरत आणि नातू कंटाळून घरी गेला तरी आजोबा बाकावरच. “अजून एकदा बघतो, आत्ता सुटत आलीया,” असं म्हणत मंदिरातला एकेक श्रोता त्या काळ्या पाण्यात बुडाला. दशमीच्या कीर्तनाला तर कहर झाला. बुवांनी डोळे मिटून तान घेतली, समेवर आले, आणि तबला वाजलाच नाही. बुवांनी डोळे उघडले. तबलजी ज्ञानू पोवार जागेवर नव्हता. खांबाशी डोळे मिटून झांज धरलेले बाळासो, आणि समोर श्रोत्यांत आक्का आणि प्रसादाची वाट बघणारं एक कुत्रं.

ज्ञानूला बाळासोंनी बाकावरून ओढून आणलं. “पाणी प्यायला गेलतो,” ज्ञानू म्हणाला.

“पाणी पितोस का पाण्यात बघतोस?” बुवा शांतपणे म्हणाले. कीर्तन आटोपल्यावर त्यांनी बाळासोंना खोलीत बोलावलं. “बाळासो, तुमच्यावर माझा राग न्हाय. पण खांबांना किती दिवस निरूपण सांगायचं? उद्या एकादशी. उद्याचं कीर्तन करतो आणि परवा सकाळच्या गाडीनं कोडोलीला जातो. उरलेला अधिक तुम्ही टेपरेकॉर्डरवर काढा.”

टेपरेकॉर्डर हा शब्द बाळासोंच्या काळजात रुतला. वडिलांनी सुरू केलेली माळ आपल्या हातून तुटणार, आणि तीही एका जळूमुळं. त्या रात्री ते जेवले नाहीत. तसा दशमीचा एकभुक्त नेमही होता, पण ते नेमाशिवायही जेवले नसते.

खरं तर बाळासोंनी हा धोका आठवडाभर आधीच ओळखला होता आणि एका जबाबदार नागरिकाप्रमाणे अर्ज केला होता. टपाल खात्यात आयुष्य गेलेलं, त्यामुळं अर्ज कसा नेमका आणि मोजक्या शब्दांत हवा. वॉर्डाच्या कचेरीला त्यांनी लिहिलं होतं: ‘विषय: जळूच्या उपद्रवाबाबत. विठ्ठल मंदिरासमोर जळू आली असून ती दररोज मुलांचे जीव घेत आहे. वडीलधारी माणसेही तिच्या तावडीत सापडली आहेत. तरी तातडीने बंदोबस्त व्हावा.’ अर्जात एकही शब्द खोटा नव्हता. घोळ तिथंच झाला.

एकादशीच्या सकाळी बाळासो विचार करत पायरीवर बसलेले असताना आरोग्य खात्याची दोन माणसं पाठीवर पंप बांधून हजर झाली.

“पावणं, जळू कुठं हाय?”

बाळासोंना आनंद झाला. सरकार कधीकधी किती वेळेवर येतं, असं वाटून त्यांनी बोट केलं. माणसं दुकानात गेली. बरीच उलटसुलट चर्चा ऐकू आली. मग त्यातला मोठा साहेब बाहेर आला.

“आवो, ही टीव्हीत हाय.”

“मग? म्हणून जीव घ्यायची थांबलीया काय?”

“तसं न्हवं. पण टीव्हीवर औषध मारायचा आमाला आदेश न्हाय. जलस्रोतावर मारायचा हाय.” साहेबांनी आजूबाजूला नजर टाकली. “आणि औषध परत न्यायचं म्हंजे लई लिहापढी असतीया.”

गल्लीतला एकमेव जलस्रोत म्हणजे मंदिरामागची विहीर. बाळासो “अवो, अवो,” म्हणेपर्यंत औषध विहिरीत पडलं आणि आठवडाभर पाणी वापरू नये अशी पाटी लागली. एकादशीच्या दिवशी, घरोघर साबुदाणा भिजत असताना, गल्लीतल्या बायका घागरी घेऊन दोन चौक लांबच्या नळावर गेल्या. जाताना प्रत्येकीनं बाळासोंच्या दाराकडं एकदा बघितलं. तानाबाईंनी ती सगळी नजर साठवून नवऱ्याला एकरकमी दिली.

“मी म्हणतो, पोस्टात एवढी वर्षं लोकांची पत्रं वाचलासा, तर एक धड लिहिता येऊ ने?”

“पोस्टात पत्रं वाचत न्हाईत, वाटतात.”

“मग वाटायचीच. लिवायचं कशाला.”

औषध मारून झाल्यावर दोघांतला साहेब जरा टेकायला म्हणून प्रसेनजीतच्या बाकावर बसला, तो दुपार झाली तरी उठला नाही.

अखेर बाळासो प्रसेनजीतकडं गेले. रागानं नाही, थकून. “बाबा, तू तरी सांग. काय करू?”

प्रसेनजीतला वाईट वाटलं. “काका, मी दुकान बंद ठेवीन कीर्तनाच्या वेळेला. पण लोक दारात उभं ऱ्हातील, आत काय हाय म्हणून. लोक माझ्यासाठी येत न्हाईत. जळूसाठी येतात. ती एकदा मेली की संपलं. कुणी इचारणार न्हाय.”

 बाळासोंनी टोपी काढली, चपला दुकानाबाहेर सोडल्या, टीव्हीला नमस्कार केला आणि बाकावर मांडी घालून बसले.

“आण तो रिमोट.”

ही बातमी गल्लीत पसरायला वेळ लागला नाही. बाळासो इंगवले जळू मारणार. बघायला जे मंदिरात कधी आले नाहीत तेही आले. आणि कोल्हापूरकर नुसता बघायला कधी येत नाही, सल्ला घेऊन येतो. ज्ञानूचं मत, श्वास रोखून खेळावं, कारण पाण्याखाली आहे. तानाबाई चंदगडच्या. पावसाळ्यात तिकडं गवतात पाय टाकला की जळू चढणारच. त्यांचा या विषयातला अधिकार मोठा, म्हणून गल्लीनं त्यांना पुढं जागा दिली. “ओढायची न्हाय,” त्या म्हणाल्या. “ओढली की आणि घट्ट धरतीया. तंबाखू-चुना लावायचा, आपसूक पडतीया.”

“टीव्हीला चुना कुठं लावू?” बाळासो म्हणाले.

“गल्लीला लावलासा की सकाळी. तसाच.”

दुकान हसलं. बाळासोंनी चष्मा पुसला.

त्यांचा पाणबुड्या पहिल्यांदा वेशीपर्यंत पोचलाच नाही. तो एका भिंतीला नाक लावून पोहत राहिला. दुसऱ्यांदा त्यांनी उलटं बटण दाबलं आणि पाणबुड्या पाण्याबाहेर येऊन होडीत बसला. “काका कटाळलं, घरी निघालं,” अतुल म्हणाला. मग अतुलनंच खेळ वेशीपर्यंत नेऊन द्यायचं ठरलं, आणि रिमोट फक्त जळूपुरता बाळासोंच्या हाती द्यायचा. जळू आली, चिकटली, बाळासोंनी सगळी बटणं एकदम दाबली, पाणबुड्या मेला. पुन्हा आली, पुन्हा मेला. लहान लहान पोरं “आजोबा, डावं, डावं” म्हणून ओरडत होती आणि ज्या माणसाच्या झांजेची मात्रा कधी चुकली नाही त्याचे अंगठे नको त्या बटणांवर पडत होते.

एवढ्यात आक्का देवघरातून उठून मूठभर मीठ घेऊन आल्या. आक्कांचा सगळा जन्म भक्तीत गेलेला, हेतू निर्मळ. जळू पडद्यावर आली तशी त्यांनी “जा बाई आपल्या घरी,” म्हणत मीठ फेकलं. ते पडद्याला लागून रिमोटच्या फटीत गेलं. एक बटण आत जाऊन बसलं ते वर येईना. पाणबुड्या खाली, आणखी खाली, थेट समुद्राच्या तळाशी जाऊन डोकं आपटत राहिला. प्रसेनजीतनं रिमोट उघडला, दात घासायच्या ब्रशनं मीठ झाडलं. तोवर सूर्य कलला होता. मंदिरामागच्या खोलीत दत्तोबुवांची पिशवी भरून झाली होती, हे आरोग्य खात्याच्या साहेबांनी जाऊन बघून आल्यावर सांगितलं. साहेब आता पूर्णपणे गल्लीचे झाले होते.

बाळासोंनी डोळे मिटले. कपाळावरचा सकाळचा बुक्का घामानं नाकापर्यंत आला होता. मनातल्या मनात ते म्हणाले, पांडुरंगा, मी तुझ्याकडं स्वतःसाठी कधी काही मागितलं नाही. हेही मागितलं नसतं. पण माळ तुटतीय.

आणि डोळे मिटल्यावर त्यांना पहिल्यांदाच जाणवलं, की काहीच ऐकू येत नाही.

“प्रसेनजीत, ह्याला आवाज न्हाय?”

“काका, तुम्हीच बंद करायला लावलासा न्हवं. त्या दिवसापास्नं बंदच हाय.”

“लाव बघू. साथीशिवाय मला जमत न्हाय.”

प्रसेनजीतनं आवाज वाढवला. अतुलनं पाणबुड्या वेशीशी आणला. काळं पाणी हललं, जळू आली, चिकटली आणि टीव्हीतून एक खोल ठोका सुरू झाला. धडाम-धुम, धुम-धडाम. बाळासोंची मान आपोआप डोलली. बाकावर ज्ञानूची बोटं आपोआप हलली. दोघांनी एकमेकांकडं बघितलं.

“बाळासो,” ज्ञानू म्हणाला, “ही धुमाळी हाय.”

धुमाळी म्हणजे आठ मात्रांचा साधासुधा ठेका. ज्यानं एकदा भजन ऐकलंय त्याच्या पायात तो असतो. कुठल्या परदेशातल्या माणसानं हा खेळ केला असेल देव जाणे, आणि त्याच्या कानी हा ठेका कुणी घातला तेही देव जाणे. पण ती जळू दर समेला, म्हणजे पहिल्या मात्रेला, क्षणभर तोंड सैल करत होती. मधल्या मात्रांना बटण दाबलं की उलट घट्ट. इतके दिवस सगळी गल्ली मुक्या टीव्हीपुढं बसून तिच्याशी बेतालपणे झुंजत होती आणि तो टीव्ही मुका केला होता खुद्द बाळासोंनी. पण या गोष्टीवर विचार करायची ती वेळ नव्हती.

“ठेका धर,” बाळासो म्हणाले.

ज्ञानूनं बाकावर ठेका धरला. बाळासोंनी पुन्हा डोळे मिटले.

“काका, डोळं उघडा की,” अतुल कळवळून म्हणाला.

“कीर्तनात मी कधी बघून वाजवत न्हाय.”

समेवर अंगठा. मग सात मात्रा गप्प. पुन्हा समेवर अंगठा. जळूनं पाणबुड्याला गरगर फिरवलं, पण अंगठा समेवरच. आक्कांनी टाळ्या धरल्या, मग तानाबाईंनी, मग साहेबांनी. पहिल्या बाकावरून कुणीतरी ‘विठ्ठल विठ्ठल’ सुरू केलं. प्रसेनजीतचे वडील दुकानात डबा द्यायला आले होते. ते त्यांच्या गल्लीच्या भीमगीतांच्या गायन पार्टीत ढोलकी वाजवत. हा प्रकार बघून त्यांनी डबा खाली ठेवला आणि तोच वाजवायला घेतला. त्या एवढ्याशा दुकानात असा काही गजर झाला की टीव्हीचा आवाज कुणाला ऐकू येईना, आणि त्याची गरजही उरली नाही. लाल रेघ केसाएवढी झाली होती. बाळासोंना ती दिसत नव्हती. हे फार बरं झालं.

मग अतुल एवढंच म्हणाला, “सुटली.”

बाळासोंनी डोळे उघडले. म्हशीएवढी जळू पाठीवरून सुटून, सैल पडून, भिजलेल्या गोणपाटासारखी काळ्या पाण्यात बुडत होती. दुकानात आधी कुणाला विश्वासच बसला नाही. मग ज्या काही शिट्ट्या वाजल्या त्या पार चौकापर्यंत गेल्या. अतुलनं बाळासोंना खांद्यावर घेतलं. छपराचा पंखा जवळ आल्यामुळं लगेच खाली ठेवलं. तानाबाईंनी पदरानं त्यांच्या नाकावरचा बुक्का पुसला आणि काही बोलल्या नाहीत. चाळीस वर्षांच्या संसारात एवढं मोठं कौतुक बाळासोंनी ऐकलं नव्हतं.

पडद्यावर दगडी वेस आवाज करत उघडू लागली. आत कुठंतरी उजेड होता. आख्खं दुकान पुढं सरकलं.

“काका, आत जावा. जावा की.”

तेवढ्यात समोर मंदिरात पेटीचा सूर लागला. दत्तोबुवा शेवटच्या कीर्तनाला उभे राहत होते. बाळासोंनी रिमोट बाकावर ठेवला, टोपी घातली.

“कीर्तनाची वेळ झाली.”

“आणि आत काय हाय ते?”

“ते कीर्तन झाल्यावर.”

अतुल रिमोटला हात लावणार तोच ज्ञानू म्हणाला, “आत बी ठेका असणार लेका. तुला येतो काय?” अतुलनं हात मागं घेतला. प्रसेनजीतनं टीव्ही चालूच ठेवून शटर खाली ओढलं, म्हणजे कुणी नादाला लागायला नको. आता काय करायचं? वेशीच्या आत नेणारा माणूस तर रस्ता ओलांडून मंदिरात चालला होता. तो कीर्तनानंतर परस्पर घरी गेला तर? डोळ्यांपुढून हलू द्यायचा नाही, असं ठरवून ती सगळी गर्दी त्याच्यामागं निघाली. चपलांचा ढीग पायऱ्यांवरून रस्त्यावर उतरला.

दत्तोबुवा डोळे मिटून नमन म्हणत होते. संपवून त्यांनी डोळे उघडले आणि दोन पावलं मागं सरले. भिंतीपासून भिंतीपर्यंत माणसं, खिडक्यांत पोरं, पहिल्या रांगेत पाठीवर पंप घेतलेले आरोग्य खात्याचे साहेब. बुवांनी उपरणं सावरलं. मग जो सूर लावला, तसा त्यांचा सूर बाळासोंनीही पूर्वी ऐकला नव्हता. पूर्वरंगात देव भक्ताच्या हाकेला कसा धावतो हे सांगताना बुवा स्वतःच गहिवरले. पोरं सुरुवातीला दारापलीकडच्या शटरकडं बघत होती. मग बघेनाशी झाली. नामाचा गजर झाला तेव्हा धुमाळी लागली आणि तिथं मात्र सगळ्या खिडक्या टाळ्यांनी एका समेवर कडाडल्या. हा ठेका आता पोरांच्या जिवाभावाचा होता. बुवा बघतच राहिले.

मध्यंतरात बाळासोंनी बुवांना हार घातला. बुवांनी त्यांच्या कानात विचारलं, “उद्या बी येतील ही मंडळी?”

“वेशीच्या आत काय काय हाय ते संपंस्तोवर तरी येतील.”

बुवांना यातलं अवाक्षर कळलं नाही. पण ते श्रोत्यांकडं वळून म्हणाले, “आज आख्यान अर्धंच होईल. उरलेलं उद्या, याच वेळेला. आणि परवा, तेरवा, अधिक संपेपर्यंत.” मागून कुणीतरी शिट्टी घातली. मंदिरात शिट्टी. बाळासोंनी दुर्लक्ष केलं.

ते बुक्क्याची वाटी घेऊन निघाले. प्रत्येकाच्या कपाळी बोट टेकवत, मांड्या ओलांडत, खिडकीतल्या पोरांसाठी टाचा उंचावत. प्रसेनजीतच्या वडिलांनी कपाळ पुढं न करता “आमचं हात जोडून” म्हणून हात जोडले, बाळासोंनीही जोडले आणि दोघे मनापासून हसले. वाटी खरवडून संपवली तेव्हा उत्तररंग सुरू झाला होता. बाळासो आपल्या खांबापाशी आले. त्यांच्या जागी प्रसेनजीत बसला होता. त्यांची झांज अतुलच्या हातात होती आणि ज्ञानू त्याला मानेनं मात्रा दाखवत होता. बाळासोंनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं. बसायला तीळभर जागा नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या मंदिरात त्यांना बसायला जागा नव्हती.

ते मागं सरत सरत दारापर्यंत आले आणि चपलांच्या ढिगात एका पायावर उभे राहिले. आत बुवांचा आवाज टिपेला पोचला होता. बाळासोंच्या डोळ्यांच्या कडा नेहमीसारख्या ओल्या झाल्या, नेहमीपेक्षा जरा लवकर.

मागून कुणीतरी त्यांच्या पाठीवर बोट टोचलं.

“पावणं, जरा बाजूला व्हा की. बुवा दिसंना झाल्यात.”

“व्हय, व्हय,” म्हणत बाळासो पायरी उतरून रस्त्यावर उभे राहिले.